एक मे, मुलांची सुट्टी आणि पाठकोरे कागद

(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



कैरीची डाळ आणि पन्हे पोटात गेल्यावर भाषण ऐकावयाचे म्हणजे डोळ्यांवर झापड येणारच. तेव्हा मी फार लांबण लावणार नाही. सुट्टीत मुलांना हाताशी काय द्यावे, यावर चार शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. मी काही शिक्षिका नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु गेल्या तीन उन्हाळ्यांत आमच्या ओसरीवर आळीतली दहा-बारा मुले रोज दुपारी जमतात, आणि एक मेच्या दिवसासाठी चित्रे रंगवतात, कागदाच्या वस्तू करतात. त्यातून जे ध्यानात आले तेवढेच आपल्यापुढे ठेवते.

प्रथम एक मेच का, ते सांगते. स्वातंत्र्यदिन भर पावसात येतो, प्रजासत्ताकदिन थंडीत. त्या दोन्ही वेळी शाळा चालू असते आणि सारे काही शाळाच करून घेते. महाराष्ट्रदिन तेवढा ऐन उन्हाळ्यात येतो. परीक्षा आटोपलेल्या असतात. बऱ्याच शाळांत त्या दिवशी सकाळी ध्वजवंदन झाले की निकाल हाती पडतो आणि मुले सुटतात. म्हणजे एप्रिलचे शेवटचे दहा-पंधरा दिवस असे असतात, की अभ्यास संपलेला आणि आजोळी जावयाचे अजून बाकी. दुपारी ऊन मी म्हणत असते, बाहेर सोडता येत नाही. मग मूल मोबाइल मागते, आणि आपणही दमलेल्या असतो म्हणून देतो. हेच दिवस कागद-कात्रीला द्यावेत असे माझे सांगणे आहे.

यासाठी खर्च फारसा नाही. आधी घरातले कागद काढा. वर्ष संपले की प्रत्येक वहीत दहा-वीस कोरी पाने उरतात. जुन्या दिनदर्शिकेची पाने पाठकोरी असतात आणि चांगली जाडही असतात. हे दिवस लग्नसराईचे. घरोघरी लग्नपत्रिकांचा ढीग पडतो, आणि पत्रिकेइतका टणक कागद विकत घ्यावयाला गेले तर महाग पडतो. पत्रिकेवर गणपतीचे चित्र असेल तर ते आधी कापून नीट बाजूला ठेवावे, म्हणजे कोणाचे मन दुखावत नाही. विकत घ्यावयाचे ते घोटीव कागदाचे एक पाकीट, जांभळ्या क्रेप कागदाची एक गुंडाळी आणि रंगखडूंची पेटी. दहा मुलांना एवढे पुरते.

डिंकाच्या बाटल्याही आणू नयेत. खळ घरी करावी. दोन चमचे मैदा वाटीभर गार पाण्यात गुठळी न राहील असा कालवावा आणि मंद विस्तवावर ढवळत राहावे. पांढरटपणा जाऊन खळ पारदर्शक दिसू लागली की उतरवावी. ती दोन दिवस टिकते. पूर्वी टिकण्यासाठी खळीत मोरचूद घालीत. मुलांच्या हातात जाणाऱ्या खळीत तो मुळीच घालू नये, कारण तो विषारी असतो. थोडी-थोडी ताजी करावी हे बरे.

आता चित्रे. रंगवावयाची छापील पुस्तके दुकानात मिळतात. ती वाईट नसतात. पण त्यांत पाहावे तर सफरचंद, बर्फाचा माणूस आणि परदेशी घरे. आपल्या राज्याची अशी ठरलेली चिन्हे आहेत, त्यांतली ही पाच तरी किती मुलांना ठाऊक आहेत? राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यवृक्ष आंबा, राज्यपुष्प ताम्हण आणि राज्यफुलपाखरू ब्लू मॉरमॉन. फुलपाखराचा मान २०१५ साली दिला गेला, आणि असे राज्यफुलपाखरू ठरविणारे महाराष्ट्र हे पहिलेच राज्य. ही पाच चित्रे म्हणजे मुलांचे पाच दिवसांचे काम झाले.

चित्र काढता येत नाही म्हणून कोणी मागे सरू नये. पुस्तकातल्या चित्रावर तेलाचा बोळा फिरवून वाळवलेला पातळ कागद ठेवला की खालची रेघ स्पष्ट दिसते. ती गिरवून घ्यावी, आणि मग कार्बन कागद घालून हवी तितकी रेखाचित्रे काढावीत. कार्बन नसेल तर खिडकीच्या काचेवर दोन्ही कागद धरून दिवसाउजेडी गिरवता येते.

रंगविताना मुलांना दोन गोष्टी सांगत जावे. चित्र हे नुसते निमित्त असते. शेकरू म्हणजे मोठी खार. तांबूस-तपकिरी पाठ, फिकट पोट आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट. ती उंच झाडावर काटक्या-पानांचे गोल घरटे बांधते आणि जमिनीवर क्वचितच उतरते. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले, ते मुख्यतः तिच्यासाठीच. हरियाल म्हणजे हिरवट-पिवळे कबूतर. पाय हळदीसारखे पिवळे. वड, पिंपळ, उंबर यांची फळे खाते. मुलांनी एकदा हरियालाचे पाय पिवळे रंगवले की पुढे वडाखालून जाताना ती आपोआप मान वर करतात. आमच्या आळीतल्या मुलांना हरियाल अजून दिसलेला नाही, पण दोन पोपट, एक तांबट आणि घारीचे घरटे सापडले आहे.

ताम्हण रंगवण्यापेक्षा करावयाला सोपे. फूल जांभळे, पाकळ्या सहा, आणि प्रत्येक पाकळी चुरगळल्यासारखी. क्रेप कागदाची पाकळी कापून कडेला दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणली की तसाच चुरगळा पडतो. मध्ये पिवळ्या दोऱ्याचा झुपका बांधावा, सहा पाकळ्या भोवती बसवून खाली हिरवा कागद गुंडाळावा. खरे ताम्हण याच दिवसांत फुलते. शक्य असेल तर खरे फूल आणून शेजारी ठेवावे.

फुलपाखरासाठी काळा घोटीव कागद मधोमध दुमडून अर्धे फुलपाखरू कापावे. उलगडले की दोन्ही पंख सारखे निघतात. मग मागच्या पंखावर निळ्या रंगाचा थेंब टाकून पुन्हा मिटावे आणि तळहाताने दाबावे. उघडताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

अगदी लहान, म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलांच्या हातात कात्री देऊ नये. त्यांना कागद फाडू द्यावा. हिरवे-पिवळे तुकडे फाडून त्यांनी खळीने आंब्याचे झाड चिकटवावे. आणि एक गंमत, जी आपल्या हळदीकुंकवाच्या ताटातच आहे. हळदीच्या पाण्याने कागद रंगवून वाळू द्यावा आणि त्यावर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या काडीने रेघ ओढावी. रेघ लाल उमटते. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, आणि कुंकूही त्याच गुणाने होते, हे मुलांना सांगितले की ती सारे घर हळदीने रंगवू पाहतात. तेव्हा जुनी चादर आधी अंथरावी.

आता मी एका महत्त्वाच्या मुद्द्यावर येते. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओसरीवर एका मुलाने शेकरू निळा रंगवला. चांगला गडद निळा. त्याच्या आईला ते पाहवेना. "अरे, खार कधी निळी असते का?" म्हणून तिने खडू हातात घेतला. मी तिला म्हटले, "वहिनी, राहू द्या." तिसऱ्या दिवशी त्या मुलानेच विचारले, "काकू, खरा शेकरू कसा असतो?" आम्ही फोटो दाखवला. त्याने दुसरा कागद मागून घेतला आणि तपकिरी शेकरू काढला. पहिला निळा मात्र त्याने फेकला नाही. दोन्ही भिंतीवर लागले.

चुकीचा रंग, वाकडी रेघ, पुढे आलेली कात्री ही मुलाची असतात. ती आपण पुसून काढली की चित्र सुबक होते, पण ते मुलाचे राहत नाही. स्पर्धांतून आपण हेच पाहतो. टेबलावर नावे मुलांची असतात आणि कलाकुसर आयांची. मुलाला ते पक्के कळत असते, आणि बक्षीस घेताना ते आपल्या तोंडाकडे पाहते. म्हणून माझी ओसरीवरची पहिली अट अशी, की मोठ्यांनी गिरवून द्यावे, खळ करून द्यावी, आणि मग हात मागे घ्यावा.

याला अपवाद एकच, आणि तो आपल्या राष्ट्रध्वजाचा. शेकरू निळा चालेल, आंबा जांभळा चालेल; ध्वज मात्र ठरला तसाच झाला पाहिजे. मुले विचारतात, "काकू, तिकडे आमच्या मनासारखं, मग इकडे का नाही?" मी सांगते, "शेकरू तुझा एकट्याचा आहे. ध्वज आपल्या सगळ्यांचा आहे. जे सगळ्यांचे असते ते एकट्याच्या मर्जीने बदलता येत नाही." सात वर्षांच्या मुलालाही हे पटते. नागरिकशास्त्राचा पहिला धडा मला तरी याहून सोपा ठाऊक नाही.

तेव्हा ध्वज नीट मोजून करावा. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने तो स्वीकारला. लांबी आणि रुंदी यांचे प्रमाण ३ः२. ठरवून दिलेल्या मापांपैकी मुलांना सोयीचे माप म्हणजे लांबी साडेबावीस सेंटिमीटर आणि रुंदी पंधरा. म्हणजे प्रत्येक पट्टा बरोबर पाच सेंटिमीटरचा. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा. पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी गडद निळे चक्र, या मापाला चार सेंटिमीटर व्यासाचे. तान्ह्या मुलीची बांगडी साधारण तेवढीच असते. ती ठेवून वर्तुळ काढावे. चक्राला आरे २४. ते चुकतात म्हणून एक युक्ती सांगते. घड्याळाचे बारा आकडे असतात तशा आधी बारा रेघा काढाव्यात, मग प्रत्येक दोहोंच्या मध्ये एक. झाल्या चोवीस. मुले घड्याळही शिकतात. ध्वज दोन्ही बाजूंनी दिसला पाहिजे, म्हणून दोन सारखे कागद करून मध्ये काडी ठेवून पाठीला पाठ चिकटवावेत.

२६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेप्रमाणे राष्ट्रीय, सांस्कृतिक आणि क्रीडाविषयक महत्त्वाच्या प्रसंगी लोकांनी कागदी ध्वज हाती धरण्यास परवानगी आहे. परंतु ध्वजाचे तोरण किंवा पताका करू नये, शोभेसाठी तो वापरू नये, त्यावर काही लिहू नये, तो जमिनीला टेकू देऊ नये. म्हणून सजावटीसाठी आम्ही पताका वेगळ्या करतो. लग्नपत्रिकांच्या त्रिकोणांच्या, रंगीबेरंगी, सुतळीवर खळीने चिकटवलेल्या. भिरभिरीही करतो. चौकोनी कागदाला चारी कोपऱ्यांतून मध्याकडे चिरा द्यावयाच्या, एकाआड एक टोक मध्यावर आणून टाचणीने काडीला टोचावयाचे. दुपारच्या वाऱ्यावर गच्चीत दहा भिरभिरी फिरू लागली की उन्हाळा सुसह्य होतो.

मोठ्या मुलांसाठी, म्हणजे पाचवी-सहावीच्या, नकाशाचा खेळ उत्तम. महाराष्ट्राचा जिल्ह्यांच्या रेघा असलेला कोरा नकाशा दुकानात मिळतो. दोन घ्यावेत. एक पुठ्ठ्यावर चिकटवून, वर पाट आणि पाटावर वरवंटा ठेवून रात्रभर वाळवावा. सकाळी जिल्हे वेगवेगळे रंगवून कापावेत. मग दुसऱ्या नकाशावर ते तुकडे जुळवावयाचे.

१ मे १९६० रोजी राज्य झाले तेव्हा जिल्हे २६ होते. आज ते ३६ आहेत. शेवटचा पालघर, २०१४ सालचा. गंमत अशी की जालना आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे १ मे १९८१ रोजी झाले, आणि हिंगोली व गोंदिया १ मे १९९९ रोजी. म्हणजे राज्याच्या वाढदिवशी या चौघांचाही वाढदिवस. मुले त्या चार तुकड्यांवर चांदण्या काढतात.

पहिला तुकडा कोणता रंगवावयाचा? आमच्याकडे नियम आहे, आधी आईचे माहेर. मग बाबांचे गाव, मग आत्याचे सासर, मावशीचे सासर. एका मुलीच्या आईचे माहेर अमरावती, आजीचे नांदेड आणि हे घर इथे. तिने तीन तुकडे तीन रंगांनी रंगवले. मी तिला सांगितले, "१९५६ पूर्वी तुझ्या आईचे माहेर मध्य प्रदेशात होते, तुझ्या आजीचे हैदराबाद राज्यात आणि हे आपले गाव मुंबई राज्यात. मराठी बोलणारी माणसे तीन राज्यांत वाटली होती. त्यांचे स्वतःचे राज्य झाले तो हा दिवस." ती घरी जाऊन आजीला विचारत बसली. आजी त्या दिवशी रात्री अकरापर्यंत बोलत होत्या असे कळले. आमच्यातल्या गुजराती भगिनींनीही हा नकाशा करावा, कारण गुजरात राज्यही त्याच दिवशी झाले. त्यांच्या मुलांनी गेल्या वर्षी दोन्ही नकाशे केले आणि शेजारी शेजारी लावले.

हे राज्य सहज मिळाले नाही, हेही मुलांच्या कानी घालावे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०६ माणसे हुतात्मा झाली. मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी १९६१ साली त्यांचे स्मारक उभे राहिले. शेतकरी आणि कामगार, दोघांनी मिळून धरलेली मशाल. हे चित्र मोठ्या मुलांना रंगवावयाला द्यावे. मशालीची ज्योत केशरी आणि पिवळ्या घोटीव कागदाची चिकटवली तर फार शोभते. एक मे हा कामगारदिनही आहे. आपल्या देशात तो प्रथम १९२३ साली मद्रासला पाळला गेला.

कामगारदिनावरून मला जे बोलावयाचे आहे ते थोडे स्पष्टच बोलते. आमच्या इमारतीचा जिना झाडावयाला येणाऱ्या बाईंची मुलगी सुट्टीत आईबरोबर येते. पहिल्या वर्षी ती दाराशी उभी राहून पाहत असे. दुसऱ्या दिवशी तिला आत बसवले, कात्री दिली. तिचा हात आमच्या मुलांपेक्षा साफ चालतो. सगळ्यांचे ताम्हण होऊन ओसरीवर कागदाच्या कपट्यांचा सडा पडला होता. मुले उठून पळण्याच्या बेतात होती. ती पोर आपली बसून कपटे वेचू लागली. मी म्हटले, "अगं, तू का एकटी वेचतेस?" ती म्हणाली, "काकू, उद्या हे आईलाच वेचायला लागतं."

मैत्रिणींनो, त्या वाक्यानंतर एकही मूल जागचे हलले नाही. सगळी खाली बसली आणि पाच मिनिटांत ओसरी स्वच्छ झाली. तेव्हापासून कपटे उचलणे हा कामाचाच भाग. कोणी सांगावे लागत नाही. मुलगे उचलतात, मुलीही उचलतात. आणि हेही सांगते, की काम चालू असताना "जरा चहा टाक गं" म्हणून मुलीलाच आत हाक मारावयाची नाही, अशी दुसरी अट मी ठेवली आहे. देशाचे चित्र मुलाने पूर्ण करावे आणि मुलीचे अर्धवट राहावे, हे बरे दिसत नाही.

जे ओसरीचे तेच रस्त्याचे. ध्वजवंदनाच्या दिवशी सकाळी आठ वाजता ज्या ध्वजाला आपण वंदन करतो, तोच कागदाचा ध्वज दुपारी बारा वाजता गटाराच्या कडेला चिखलात पडलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. प्लॅस्टिकचे तर पावसापर्यंत तसेच राहतात. प्लॅस्टिकचे वापरू नका असे सरकार वारंवार सांगते, तरी ते सिग्नलपाशी विकले जातात आणि मूल रडू नये म्हणून आपण घेतो. मग दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या बाईने ते केरात ढकलावेत, की वेचून बाजूला ठेवावेत? तो प्रश्न आपण तिच्यावर टाकून घरी येतो.

मुलाने स्वतः मोजून, चोवीस आरे काढून केलेला ध्वज रस्त्यात पडत नाही, हा माझा तीन वर्षांचा अनुभव आहे. दोन रुपयांना घेतलेला विसरला जातो. दोन दिवस खपून केलेला छातीशी धरून घरी येतो. ध्वजाचा मान राखा असे दहादा सांगून जे साधत नाही, ते मुलाच्या हाताला काम दिल्याने साधते. आणि एखादा फाटला-भिजला तर ध्वजसंहितेत सांगितले आहे की कागदी ध्वज जमिनीवर टाकू नयेत. त्यांचा मान राखून खाजगी रीतीने त्यांची विल्हेवाट लावावी.

म्हणून शेवटी मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, यंदा एक मेच्या कार्यक्रमासाठी विकतचे झेंडे आणू नयेत. २० एप्रिलपासून दहा दिवस मंडळाच्या खोलीत रोज दुपारी चार ते सहा मुलांना बसू द्यावे. खळ आणि पाठकोरे कागद प्रत्येकीने घरून पाठवावेत. दुसरी, आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायकांच्या मुलांना त्यात मुद्दाम बोलवावे, आणि एक मेला भिंतीवर त्यांची चित्रे इतरांच्या चित्रांच्या ओळीतच लागावीत. तिसरी, कार्यक्रम संपल्यावर दाराशी एक स्वच्छ पेटी ठेवावी. ज्यांना ध्वज घरी न्यावयाचा नसेल त्यांनी तो त्या पेटीत उभा ठेवावा. पेटीची व्यवस्था मी पाहीन. स्पर्धा मात्र ठेवू नये, ही विनंती. ठेवली तर ती कपटे कोण आधी उचलते याची ठेवावी.

कोणाकडे जुन्या दिनदर्शिका असतील तर त्या रद्दीत घालू नका, माझ्याकडे पाठवा.